दिवेवाल्याच्या तोंडी घातलेलं वाक्य

१८ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर सेनगावच्या स्टँडापाशी पोचतो न पोचतो तोच प्रकाशकांचा फोन. गाडी बाजूला घेतली. 'दिवेवाला'ची दुसरी आवृत्ती काढताहेत. शेजारी जीपवाला "पुसेगाव, पुसेगाव" ओरडून राहिला होता, त्यामुळं दोनदा विचारून घेतलं. खरंच दुसरी आवृत्ती. घरोघर विजेचा दिवा नेणाऱ्या त्या साहेबाची गोष्ट मी आपली शाळेतल्या पोरांसाठी लिहिली होती. इतकी खपेल असं वाटलं नव्हतं.

"काही दुरुस्ती असली तर सांगा गुरुजी, या आठवड्यात छपाईला देतो."

म्हणालो, काही नाही. जसंच्या तसं छापा.

घरी बायकोनं, शोभानं, शिरा केला. म्हणाली, आता एखादं जाकीट शिवा, सत्कार होतील. मी हसलो. मनात जाकीट शिवून झालं होतं.

२१ नोव्हेंबर

आज परिपाठाला पाचवीच्या अस्मानं 'दिवेवाला'तलं एक पान पाठ म्हटलं. मी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. युनूसभाई गादीवाल्याची मुलगी. पहिल्या बाकावर बसते, वर्गात सगळ्यात शांत. बोलते कमी, वाचते फार. शाळेच्या कपाटातली एकुलती एक प्रत ती सारखी घरी नेते.

पान नेमकं ते. कमी ऐकू यायला लागलेलं पोरगं आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणतं, "बरं झालं आई, ऐकू येत नाही. जगाची कटकट बाहेर राहिली. आता माझं डोकं सगळं माझं."

'स' तिला नीट येत नाही, उच्चार जरा बोबडे. पण एक अक्षर चुकली नाही. मधेच टाळ्या पडल्या तरी थांबली नाही. घंटा झाली तरी थांबली नाही. शेवटी मुख्याध्यापक कदम सरांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा गप्प झाली.

मला वाटलं, किती रंगून गेलंय लेकरू.

कदम सर म्हणाले, "लेखक महाशय, पोरांच्या काळजात बसलात." दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत.

२ डिसेंबर

शाळेत तपासणीला डॉक्टरबाई आल्या होत्या. वजन, दात, डोळे, कान. बाई तरुण, भरभर काम करणाऱ्या. कानांसाठी एकेका पोराच्या मागं जाऊन हळू आवाजात नाव घ्यायच्या. पोरगं वळलं की पुढचं.

अस्मा वळली नाही.

बाईंनी जरा मोठ्यानं नाव घेतलं. मग आणखी मोठ्यानं. अस्मा समोर माझ्याकडं बघून राहिली होती, पुढं काय करायचं ते मी सांगीन म्हणून. शेवटी मी मानेनं खुणावलं, तेव्हा तिनं मागं पाहिलं.

डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "सर, ही तोंडाकडं बघून समजून घेते. किती दिवसांपासून आहे तुमच्या वर्गात?"

दुसरीपासून. दुसरीपासून माझ्याच वर्गात आहे.

घरी शोभाला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला. "अहो, तुम्ही बहिऱ्या पोरावर अख्खं पुस्तक लिहिलं."

एवढंच म्हणाली. अन् भाकरी तव्यावर टाकली.

४ डिसेंबर

युनूसभाईंकडं गेलो. सध्या त्यांचा सीझन आहे, थंडी पडली की गाद्या-रजयांचं काम. दारापुढच्या पत्र्याखाली कापूस पिंजायची मशीन चालू होती, कापसाचं पीठ हवेत. त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. मला पाहून मशीन बंद केली, नव्या गादीवर बसवलं. शमीमभाभींनी चहा आणला. अस्मा आईला टेकून उभी, नजर माझ्या तोंडावर. आता कळतंय ती अशी का बघते.

सगळं सांगितलं. हिंगोलीला जानेवारीत कॅम्प आहे, कानांची नीट तपासणी होईल, ऐकायची मशीन मिळेल.

युनूसभाई शांतपणे ऐकून घेत होते. म्हणाले, "मालूम हाय सर आमाला. ल्हानपणी कान वाहायचे तिचे. दवा केली, तेल टाकलं. आमी लई रडलो व्हतो. पण तुमची किताब घरी आली अन् हिनं आमाला वाचून दाखवलं. तवापासून न्हाई रडलो."

मी म्हणालो, पुस्तक वेगळं, उपचार वेगळा.

"तुमीच लिवलं ना? बरं झालं ऐकू येत न्हाई म्हनून. एवढा मोठा साहेब बिना मशीनचा सगळ्या दुनियेला उजेड देऊन गेला. मंग माझ्या लेकीच्या कानाला डबी लटकवून चार लोकात काहून दाखवू? उद्या लग्नाचं पाहायचं तर पयले लोक मशीन पाहतील."

अस्माला विचारलं, तोंड तिच्यासमोर नेऊन. ती हसली. "मला मशीन नको सर. माझं डोकं सगळं माझं."

माझ्याच वाक्यानं मला उत्तर दिलं.

तिथंच सांगायला पाहिजे होतं. चहा प्यालो अन् उठून आलो.

५ डिसेंबर

ते वाक्य त्या माणसाचं नाही.

मी ज्या इंग्रजी पुस्तकांवरून लिहिलं त्यांत इतकंच होतं की त्याला लहानपणापासून कमी ऐकू यायचं, अन् मोठेपणी तो त्याचं फार दुःख करत नसे, उलट त्यामुळं कामात लक्ष लागतं असं सांगायचा. बस. हा झाला म्हाताऱ्या, नावाजलेल्या, पैसेवाल्या माणसाचा शब्द. दहा वर्षांच्या पोराचा नाही. पण प्रकाशकांनी पहिल्या खर्ड्यावर कळवलं होतं, गुरुजी, माहिती छान आहे, लेकरांना संवाद लागतात, जरा जिवंत करा. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत ओट्यावर बसून मी जिवंत केलं. आईची मांडी माझी. ते वाक्य माझं. लिहून झाल्यावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं, अन् पाणी आलं म्हणजे खरं उतरलं असं वाटलं होतं.

६ डिसेंबर

प्रकाशकांना फोन केला. म्हणालो, एक वाक्य काढायचंय.

"गुरुजी, छापून झालं. बाइंडिंगला गेलं. अन् कोणतं वाक्य?"

सांगितलं.

"अहो, त्याच पानावर तर लोक फिदा आहेत! एक बाई मला म्हणाल्या, हे पान फ्रेम करून लावलंय."

मी कारण सांगायला लागलो, ते म्हणाले पुढच्या आवृत्तीत बघू. मीही "बरं बरं" म्हणून ठेवून दिला. भांडलो नाही. आत कुठंतरी फ्रेमचं ऐकून बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मी हे स्वतःलाही सांगणार नाही.

१९ डिसेंबर

गेलो नाही युनूसभाईंकडं. स्पर्धा, तुरीची काढणी सुरू म्हणून पोरांची गळती, गृहभेटी. शोभा विचारते, मी म्हणतो रविवारी.

वर्गात अस्माशी तोंड समोर ठेवून बोलतो. फळ्याकडं वळून बोलायचं बंद केलं. तिला कळलंय. छोटीशी मान हलवते.

१० जानेवारी

कॅम्पची जीप आज गेली. आमच्या शाळेची तीन पोरं, दोघं डोळ्यांची, एक पायाचं. अस्माचं नाव यादीत होतं, ती आली नाही. मी जीपपाशी उभा. ड्रायव्हर म्हणाला, "सर, अजून कोनी येऊन राहिलं का?"

मी गल्लीकडं पाहिलं. पिंजायच्या मशीनचा आवाज शाळेपर्यंत येत होता.

म्हणालो, न्हाई. चला.

एक महिना होता माझ्याकडं. एक वाक्य सांगायचं होतं, ते वाक्य मी केलंय म्हणून. युनूसभाईंच्या डोळ्यांत मी लेखक आहे. तेवढं जपलं.

१६ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ द्यायचं निमित्त करून शोभाच घेऊन गेली मला. "मी सोबत येते, पण बोलायचं तुम्ही."

पिंजायची मशीन बंद होती. युनूसभाई शिवत बसले होते, लांब सुई, गादीला टाके. भाभी, अस्मा, सगळे. मी अस्माच्या समोर बसलो.

"अस्मा, पुस्तकातलं ते वाक्य आहे ना, बरं झालं ऐकू येत नाही. ते त्या मुलानं म्हटलेलं नाही. मी बनवलं."

तिला वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. बापाकडं पाहिलं. युनूसभाईंनी सुई गादीत तशीच टोचून ठेवली.

"किताबात झूट असते का सर?"

म्हणालो, गोष्टीसाठी थोडं घालावं लागतं.

अस्मानं विचारलं, "मंग त्याची आई?"

"आई होती. खरी."

"ती मांडीवर घेऊन बसली व्हती?"

"बसली असंल. मला माहीत न्हाई."

तिनं गादीतली सुई बोटानं हलवली. मग म्हणाली, "त्याला ऐकू येत नव्हतं तर त्याला रडू यायचं का?"

मी म्हणालो, यायचं असंल.

"मंग ते काहून न्हाई लिवलं?"

शोभा खाली बघत होती. एवढी वर्षं पोरांना प्रश्न विचारतोय, असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

निघताना युनूसभाई दारापर्यंत आले. रागात नव्हते. रागात असते तर बरं झालं असतं. "सर, मी सगळ्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं. ज्याच्या घरी गादी न्यायची त्याला सांगायचो, माझी लेक त्या साहेबावानी हाय. लोक हसायचे, पण मला बराबर वाटायचं. शमीम पन रोज रात्री ते पान ऐकून झोपायची. तुमी आमाला तकलीफ काढून दिली, अन् आज परत आनून ठेवली."

घरी येताना शोभा गाडीवर मागं होती. तिनं माझ्या खांद्याला धरलं होतं, रोजच्यापेक्षा घट्ट.

१९ जानेवारी

अस्मानं पुस्तक परत केलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, ते काढून, कोपरे सरळ करून. टेबलावर ठेवलं अन् जागेवर गेली.

"दुसरं घे," मी म्हणालो. कपाट उघडून दाखवलं. प्राण्यांची गोष्ट आहे, किल्ल्यांवरचं आहे.

ती म्हणाली, "यात पन तुमी बनवलेलं हाय का?"

म्हणालो, ही मी लिहिलेली नाहीत.

"मंग कोनी बनवलं ते कसं कळंल?"

घेतलं नाही.

२८ जानेवारी

अस्मा वाचत नाही. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून राहते. वर्गात अजूनही माझ्या तोंडाकडं बघते, पण पूर्वी बघायची तसं नाही. आता तपासून बघितल्यासारखं.

कदम सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमी उगं मनाला लावून घेऊन राहिले. हेतू चांगला होता ना." हेतू चांगला होता हे मलाही माहीत आहे. त्याचं काय करू?

११ फेब्रुवारी

सकाळी युनूसभाईंचा फोन. "सर, आज हिंगोलीला घेऊन चाललो लेकीला. तुमी येता का? डाक्टर काय बोलतात ते आमाला समजत न्हाई."

रजा टाकली. तिघं बसनं गेलो. अस्मा खिडकीत. युनूसभाईंनी धुतलेला पांढरा कुर्ता घातला होता, तरी बाहीला कापूस चिकटलेलाच. मी विचारलं, कसं काय ठरवलं?

"हिनंच ठरवलं. परवा म्हनली, अब्बा, त्या पोराला रडू येत असंल तर मला पन येतं. मला म्हायतीच नव्हतं सर. ती कधी रडलीच न्हाई आमच्यासमोर. किताबातल्या पोरावानी हसायची."

तपासणीसाठी काचेची खोली. अस्मा आत, कानावर मोठे हेडफोन. आवाज आला की हात वर करायचा. आम्ही बाहेर बसलो. तपासणी करणाऱ्या बाई यंत्राची बटणं फिरवत होत्या. आम्हाला आवाज ऐकू येत नव्हते, फक्त अस्माचा हात दिसत होता. हात खूप वेळ मांडीवरच. मधेच वर. पुन्हा मांडीवर. एकदा तिनं नुसतं आमच्याकडं पाहिलं, विचारल्यासारखं, आता वर करू का? युनूसभाई मान हलवायला लागले, तशी बाईंनी त्यांना तोंड फिरवून बसवलं.

उजवा कान जवळजवळ गेलाय. डाव्याला मशीननं बराच फरक पडेल. डॉक्टर म्हणाले, "लहानपणीच मशीन लागली असती तर बोलणं अजून साफ झालं असतं. आता मेहनत जास्त लागेल."

युनूसभाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या घरी पुस्तक गेल्याच वर्षी आलं, पण वर्गात ती दुसरीपासून होती. दोन्ही हिशेब माझ्याकडंच येतात.

परतीच्या बसमध्ये अस्मा बापाच्या खांद्यावर झोपली. तोंड उघडं. लहान दिसत होती फार.

१७ फेब्रुवारी

दुसऱ्या आवृत्तीच्या लेखकाच्या प्रती आल्या. कव्हर नवीन, दिव्याचा पिवळा छान उठलाय. ते पान उघडलं. जिथल्या तिथं.

पेन घेऊन एका प्रतीत ते वाक्य खोडलं. मग दुसऱ्या प्रतीत. मग थांबलो. या दोन खोडून काय होणार, बाकीच्या दुकानांत, शाळांत गेल्या. कुठल्या गावात कोण पोरगी ते पाठ करत असेल.

शोभा म्हणाली, नवीन पान लिहा, खरं लिहा. प्रकाशकाला पाठवा.

बसलो लिहायला. 'त्याला ऐकू येत नव्हतं, अन् त्याला रडू यायचं.' एवढं लिहिलं अन् लक्षात आलं, हेही मला माहीत नाही. कुठल्याच पुस्तकात नाही ते. हे अस्माचं आहे. तिचं रडू उचलून त्याच्या तोंडावर चिकटवायचं? पुन्हा तेच.

कागद फाडला.

२७ फेब्रुवारी

मशीन मिळाली. डाव्या कानामागं, चिमणीच्या अंड्याएवढी. युनूसभाईंचा रोजा होता, उन्हातान्हाचे घेऊन गेले अन् घेऊन आले. येताना शाळेत थांबले, मला दाखवायला.

अस्माचा चेहरा घाबरलेला. पाचवीचा वर्ग, पोरांचा दंगा, बाक सरकवल्याचा आवाज. कुणीतरी पत्र्यावर दगड टाकला तशी ती दचकून बापाला चिकटली. दोन्ही हात कानावर.

"लई गोंगाट हाय सर," म्हणाली. "तुमाला रोज असंच ऐकू येतं?"

म्हणालो, हो. सवय होते.

"मला न्हाई व्हनार."

ओठांवर आलं होतं, होईल बेटा, सगळं छान होईल. गिळलं. म्हणालो, "किती दिवस लागतील मला माहीत न्हाई. त्रास व्हईल. डॉक्टर म्हणतात हळूहळू कमी व्हतो."

तिनं माझ्या ओठांकडं बघितलं, मग कानानं ऐकलेलं अन् डोळ्यांनी वाचलेलं जुळतंय का ते पाहत असल्यासारखी थांबली. मान हलवली नाही.

जाताना युनूसभाई म्हणाले, "मोहल्ल्यात विचारतात काय लावलं कानाला. मी सांगितलं, मशीन. बस. लई नवं काय सांगायचं न्हाई आता."

४ मार्च

शाळा सकाळची झाली. अस्मा कधी मशीन घालते, कधी दप्तरात ठेवते. भाभी म्हणतात, घरी पिंजायचं चालू असलं की काढून फेकते. पण परवा रात्री शमीमभाभी कुणाशी तरी हळू बोलत होत्या अन् अस्मा पलीकडून म्हणाली, "अम्मी, मला ऐकू आलं." भाभींनी हे मला सांगताना पदर तोंडाला लावला. काय बोलत होत्या ते सांगितलं नाही.

वाचायचं अजून बंदच. कपाटाकडं फिरकत नाही.

९ मार्च

आज मधल्या सुट्टीत वर्गापाशी गेलो. सगळी पोरं खिचडीच्या रांगेत. अस्मा एकटी आत, तिसऱ्या बाकावर. पहिला बाक तिनं सोडलाय, मशीन आहे म्हणून सोडला की माझ्यासमोर बसायचं नाही म्हणून, विचारलं नाही. पाठमोरी होती. वहीत काहीतरी काढत होती. कानामागं मशीन दिसत होती, केसांत.

दारातून हाक मारली. ओरडून नाही, तोंड दाखवून नाही, इतर पोरांना मारतो तशी साधी. "अस्मा."

पेन्सिल थांबली असं वाटलं. मग पुन्हा चालायला लागली.

सेल उतरला असेल. बंद करून ठेवली असेल. किंवा ऐकू आलं असेल.

पुढं जाऊन विचारायला पाहिजे होतं. घंटा होईपर्यंत मी दारातच उभा राहिलो.